दुरून विश्वास बसावा अशी ओळख: परदेशात नोकरी शोधणाऱ्यांसाठी लिंक्डइनची तयारी

परदेशातील एखाद्या कंपनीच्या भरती अधिकाऱ्यासमोर आपले नाव येते, तेव्हा आपल्याविषयी अंदाज बांधायला त्याच्यापाशी फारसे काहीच नसते. आपण शिकलो त्या विद्यापीठाचे नाव त्याने ऐकलेले नसते, आपली आधीची कंपनी त्याच्या देशात कुणाला ठाऊक नसते, आणि ‘हा माणूस कसा आहे?’ असे फोन करून विचारावे असा दोघांच्या ओळखीचा माणूसही बहुधा नसतो. त्याच्याच शहरात राहणाऱ्या उमेदवाराला हे सगळे आयते मिळालेले असते. शिवाय आपल्या बाबतीत व्हिसाची कागदपत्रे, स्थलांतराचा खर्च आणि रुजू होईपर्यंत जाणारे महिने यांचा भार असतो तो वेगळाच.

म्हणून परदेशात नोकरी शोधणाऱ्याने ‘पर्सनल ब्रँड’ (स्वतःची व्यावसायिक ओळख) हा शब्द थोड्या वेगळ्या अर्थाने घ्यावा, असे मला वाटते. टॉम पीटर्स या व्यवस्थापन-लेखकाने १९९७ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकातील लेखातून ही कल्पना लोकप्रिय केली, तेव्हा तिचा रोख गर्दीत उठून दिसण्यावर होता. आपल्याला उठून दिसण्यापेक्षा खरे वाटण्याची गरज अधिक असते. समोरच्याच्या मनात येणाऱ्या शंका आधीच ओळखून त्यांची उत्तरे एका पानावर, पुराव्यासह मांडून ठेवायची, एवढेच हे काम आहे. मात्र ते नीट करायला दोन-तीन आठवडे लागतात.

आधी दिशा, मग प्रोफाइल

या कामाची सुरुवात वाचनाने करावी. कोणता देश आणि कोणती भूमिका हे ठरवण्याआधी लिहिलेली प्रोफाइल सगळ्यांना उद्देशून असते आणि कुणालाच लागू पडत नाही. एक भूमिका आणि फार तर दोन देश निवडावेत, तेथे त्या भूमिकेसाठी निघालेल्या वीस-पंचवीस जाहिराती शांतपणे वाचाव्यात आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द टिपून घ्यावेत. एकाच कामाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी नावे असतात; एका कंपनीत ज्याला मेंटेनन्स इंजिनिअर म्हणतात, त्याचे बरेचसे काम दुसरीकडे रिलायबिलिटी इंजिनिअर या नावाने चालते. रिक्रूटर शोधपट्टीत त्याच्या बाजारातला शब्द टाकतो, आणि तो शब्द आपल्या प्रोफाइलमध्ये नसेल तर आपण कितीही लायक असलो तरी त्याच्या यादीत येत नाही.

याच टप्प्यावर आपला व्यवसाय त्या देशात नियंत्रित आहे का, हेही पाहून घ्यावे. परिचारिका, डॉक्टर, शिक्षक, वकील यांना बहुतेक देशांत स्थानिक नोंदणीशिवाय काम करता येत नाही. ब्रिटनमध्ये परिचारिकेचे नाव ‘नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल’च्या नोंदवहीत असावे लागते. काही ठिकाणी तर पदनामालाच कायद्याचे कुंपण असते. कॅनडात ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ ही उपाधी प्रांतांच्या कायद्यांनी संरक्षित आहे, आणि जर्मनीत ‘इंगेनिअर’ हा शब्द कुणी लावावा हे तेथील राज्यांचे कायदे ठरवतात. तेव्हा प्रोफाइलवर पदनाम लिहिताना आपल्या हातात कोणती नोंदणी आहे आणि कोणती प्रक्रियेत आहे, हे स्पष्ट लिहावे. ‘नोंदणीसाठी अर्ज केला आहे, भाषा परीक्षा उत्तीर्ण, पुढील परीक्षा अमुक महिन्यात’ ही ओळ भरती अधिकाऱ्याचा अर्धा प्रश्न सोडवते.

संकेतस्थळांविषयी थोडक्यात. मे २००३ मध्ये सुरू झालेले आणि २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे लिंक्डइन हे बहुतेक देशांसाठी मुख्य ठिकाण आहे, आणि पुढचे सारे विवेचन त्यालाच धरून आहे. परंतु ते सर्वत्र चालते असे समजू नये. रशियात ते २०१६ पासून बंद आहे आणि चीनमधील त्याची स्थानिक सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये गुंडाळली गेली. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडसाठी हॅम्बुर्गमध्ये २००३ साली सुरू झालेले झिंग हे स्थळ अजूनही पाहण्याजोगे आहे. जपानमध्ये वाँटेडली वापरात आहे. प्रोग्रामरसाठी गिटहब, डिझायनरसाठी बिहान्स आणि संशोधकासाठी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक) ही लिंक्डइनला जोडायची पुराव्याची ठिकाणे आहेत. त्यांतले एक नीट सांभाळावे. चार ठिकाणी अर्धवट खाती उघडून ठेवू नयेत.

नाव, फोटो आणि २२० अक्षरे

नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच स्पेलिंगने लिहावे. पदवीवर एक, पासपोर्टवर दुसरे आणि प्रोफाइलवर तिसरे नाव असले की पार्श्वभूमी तपासणीच्या वेळी नाहक खुलासे करावे लागतात. आपले नाव परक्या जिभेला अवघड असेल तर लिंक्डइनच्या मोबाइल अॅपवर उच्चार ध्वनिमुद्रित करण्याची सोय आहे. दहा सेकंदांचे काम आहे, आणि मुलाखत घेणाऱ्याचा सुरुवातीचा संकोच त्यामुळे जातो. प्रोफाइलच्या पत्त्यात आपोआप आलेले आकडे काढून नावाचा सुटसुटीत पत्ता करून घ्यावा.

फोटो अलीकडचा, चेहरा स्पष्ट दिसणारा आणि साध्या पार्श्वभूमीचा असला की पुरे. येथे एक घोटाळा नेहमी होतो: लिंक्डइनवर फोटो अपेक्षित असतो, म्हणून तो रेझ्युमेवरही चिकटवला जातो. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये रेझ्युमेवर फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती देण्याची पद्धत नाही; भेदभावाचा आरोप येऊ नये म्हणून कंपन्यांना ती माहिती समोर नकोच असते.

आता हेडलाइन. नावाखालच्या या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा आहे, आणि शोधाच्या यादीत, संदेशात, प्रतिक्रियेत, जिथे जिथे आपले नाव दिसते तिथे तिथे तिचा सुरुवातीचा भाग बरोबर जातो. माझी स्वतःची पहिली हेडलाइन ‘मेहनती आणि ध्येयवादी व्यावसायिक, नव्या संधीच्या शोधात’ अशा धाटणीची होती, आणि आता ती आठवली की ओशाळायला होते. कारण तिच्यात माझे काम काय, हेच कुठे नव्हते. समजा, रसायन कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारा एक अभियंता जर्मनीत नोकरी शोधतो आहे. त्याची हेडलाइन अशी असू शकेल: ‘रिलायबिलिटी इंजिनिअर, पंप व कॉम्प्रेसर | रसायन उद्योगात ८ वर्षे | कंपन विश्लेषण, आयएसओ १८४३६-२ श्रेणी २ | जर्मन बी१’. भूमिका, क्षेत्र, अनुभव, पडताळता येणारे एक प्रमाणपत्र आणि भाषा, एवढे एका नजरेत कळते. प्रत्यक्ष प्रोफाइलवर हे अर्थातच इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत लिहायचे आहे. येथे सोयीसाठी मराठीत दिले आहे.

‘अबाउट’ या विभागात २,६०० अक्षरे मावतात, पण उघडल्यावर त्यातल्या पहिल्या काही ओळीच दिसतात आणि बाकीचे वाचण्यासाठी क्लिक करावे लागते. म्हणून ‘मला लहानपणापासून यंत्रांची आवड होती’ या वळणाने सुरुवात करू नये. आपण कोणत्या प्रकारची अडचण सोडवतो हे पहिल्या दोन ओळींत यावे, मग दोन-तीन ठोस कामे, आणि शेवटी आपल्याला काय हवे आहे: कोणती भूमिका, कोणता देश, केव्हापासून. प्रथमपुरुषी लिहावे. स्वतःविषयी तृतीयपुरुषात लिहिलेला मजकूर सभेतल्या पाहुण्यांच्या परिचयासारखा वाटतो.

अनुभवाची एक ओळ, जवळून

प्रोफाइलचा खरा कस अनुभवाच्या विभागात लागतो, आणि बहुतेक जण नेमके येथेच कंपनीने दिलेले कामाचे वर्णन उतरवून मोकळे होतात. वरच्याच अभियंत्याची एक ओळ घेऊ. ‘कारखान्यातील यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सांभाळली’ हे वाक्य खोटे नाही, परंतु ते कुणाच्याही प्रोफाइलवर चालून जाईल. तेच असे लिहिता येते: ‘४२ पंप आणि ६ कॉम्प्रेसर असलेल्या युनिटची देखभाल, दरमहा कंपनांची मोजणी सुरू केली, त्यानंतर यंत्र अचानक बंद पडण्याचे प्रसंग दोन वर्षांत वर्षाला १९ वरून ७ वर आले.’ या दुसऱ्या वाक्यातून कामाचा आवाका कळतो, त्याने स्वतः काय केले ते कळते आणि परिणामही कळतो. शिवाय मुलाखतीत विचारायला प्रश्न मिळतात, आणि जो प्रश्न आपल्या ओळीतून निघाला त्याची तयारी आपली झालेलीच असते.

आकडे देताना दोन पथ्ये पाळावीत. एक, कंपनीची गोपनीय माहिती उघड करू नये. टक्केवारीत किंवा प्रमाणात सांगता येत असेल तर रक्कम देऊ नये. दुसरे, मोजमापे समोरच्याला कळणारी हवीत. लाख आणि कोटी युरोप-अमेरिकेतल्या वाचकाला समजत नाहीत. तेथे मिलियनमध्ये लिहावे. तारखांचेही तसेच. ०३/०४/२०२१ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च होते आणि ब्रिटनमध्ये ३ एप्रिल, म्हणून महिन्याचे नाव अक्षरात लिहिणे बरे.

अनोळखी कंपनीची ओळख करून देण्याचे कामही आपलेच आहे. ‘रंगद्रव्यांचे उत्पादन, ६०० कर्मचारी, १४ देशांत निर्यात’ अशी एक ओळ कंपनीच्या नावाखाली टाकली की वाचणाऱ्याला मापाचा अंदाज येतो. पदवीच्या बाबतीत केवळ आद्याक्षरे न देता ‘यंत्र अभियांत्रिकी, चार वर्षांची पदवी’ असे उलगडून लिहावे. जर्मनीला जायचे असेल तर ‘अनाबिन’ या तेथील सरकारी माहितीकोशात आपले विद्यापीठ आणि पदवी कशी नोंदलेली आहे, ते आधीच पाहून ठेवावे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री या कुशल स्थलांतरितांच्या निवडपद्धतीसाठी शैक्षणिक मूल्यांकनाचा अहवाल मिळवला असेल तर तसा उल्लेख करावा.

भाषेविषयी आणखी एक सूचना. लिंक्डइनवर भाषेची पातळी निवडायला जे पर्याय आहेत ते ढोबळ आहेत. युरोपातील कंपन्या ए१ (प्राथमिक) ते सी२ (सर्वोच्च) या सहा पायऱ्यांत विचार करतात, तेव्हा परीक्षेचे नाव, पायरी आणि वर्ष प्रमाणपत्रांच्या विभागात वेगळे नोंदवावे. जर्मन किंवा फ्रेंच भाषिक बाजार लक्ष्य असेल तर त्या भाषेत दुसरी प्रोफाइल तयार करण्याची सोय आहे. ज्याचे लिंक्डइन त्या भाषेत चालते त्याला ती आपोआप दिसते. मात्र ती मशीनकडून भाषांतरित करून तशीच ठेवू नये. आपल्याला जेवढी भाषा येते तेवढीच प्रोफाइलवर दिसावी, नाहीतर पहिल्याच फोनवर पितळ उघडे पडते.

राहण्याचे ठिकाण आणि व्हिसा: लपवाछपवी नको

रिक्रूटर उमेदवार शोधताना ठिकाणाची चाळणी लावतो, आणि म्हणून बरेच जण जेथे जायचे आहे तेच शहर आपले सध्याचे शहर म्हणून टाकतात. मी याच्या विरोधात आहे. त्यामुळे शोधात नाव वर येईलही, पण पहिल्या फोनवर ‘मी अजून तेथे आलेलो नाही’ असे सांगावे लागते, आणि विश्वासाचा विषय तिथेच संपतो. ‘ओपन टू वर्क’ या सोयीत आपल्याला कोणत्या ठिकाणी काम हवे आहे ते भरता येते, आणि स्थलांतराला तयार असलेल्यांना वेगळे शोधण्याची सोय रिक्रूटरकडे असते. सरळ मार्ग असताना आडमार्गाने जाण्याचे कारण नाही.

ही सोय दोन प्रकारे वापरता येते: सर्वांना दिसेल अशी, म्हणजे फोटोभोवती हिरवी कडा येते, किंवा फक्त रिक्रूटरना दिसेल अशी. सध्या नोकरीत असलेल्यांनी दुसरा प्रकार घ्यावा, पण तोही पूर्ण सुरक्षित समजू नये. आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ही माहिती लपवण्याचा प्रयत्न केला जातो, खात्री दिली जात नाही. हिरव्या कडेमुळे माणूस अगतिक दिसतो, असे काही जण म्हणतात. नोकरी गेलेली असेल तर मला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही.

व्हिसाचा प्रश्न प्रत्येक भरती अधिकाऱ्याच्या मनात असतोच. त्या देशात काम करण्याचा परवाना आपल्याकडे असेल, जोडीदाराच्या व्हिसामुळे हक्क मिळाला असेल, किंवा जर्मनीने १ जून २०२४ पासून सुरू केलेले ‘चान्सेनकार्ट’ (तेथे जाऊन नोकरी शोधण्याची मुभा देणारे कार्ड) हातात असेल, तर ते ‘अबाउट’मध्ये ठळकपणे लिहावे. स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठी कंपनीचे पाठबळ, लागणार असेल तर ‘अबाउट’च्या शेवटी एका ओळीत तेही सांगावे. काही दारे त्यामुळे आधीच बंद होतील हे खरे, पण ती दारे तिसऱ्या फेरीनंतर बंद झाली असती, इतकेच. त्याऐवजी जेथे स्पॉन्सरशिप शक्य आहे तेथेच वेळ घालवावा. परदेशी कर्मचाऱ्यांना बोलावण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकार आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवते, आणि ती वारंवार अद्ययावत होते. अर्ज करण्यापूर्वी कंपनीचे नाव त्यात पाहायला दोन मिनिटे लागतात.

प्रोफाइल, रेझ्युमे आणि व्हिसाच्या अर्जातील तारखा व पदनामे तंतोतंत जुळली पाहिजेत, याकडे फार दुर्लक्ष होते. माझ्याच बाबतीत एका मुलाखतीत, प्रोफाइलवर एका नोकरीचा शेवट जून आणि रेझ्युमेवर ऑगस्ट असा का, हे विचारले गेले. निव्वळ निष्काळजीपणा होता, तरी पुढची दहा मिनिटे मी सफाई देत होतो. व्हिसाच्या अर्जात याचे परिणाम अधिक गंभीर होऊ शकतात. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात २०१९ पासून मागील पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे मागितली जातात, आणि त्या यादीत लिंक्डइनही आहे.

दुसऱ्याने दिलेली साक्ष

आपण स्वतःविषयी लिहितो ते दावे असतात; दुसऱ्याने लिहिलेली शिफारस ही साक्ष असते. कौशल्यांपुढे एका क्लिकने मिळणाऱ्या पसंत्यांना मी फारशी किंमत देत नाही, परंतु तीन चांगल्या शिफारशी प्रोफाइलचे वजन बदलतात. त्यांतली एक वरिष्ठाची, एक सहकाऱ्याची आणि एक ग्राहकाची किंवा दुसऱ्या विभागातील व्यक्तीची असावी. देशाबाहेरच्या ग्राहकाशी काम केलेले असेल तर त्याचे चार शब्द सर्वांत मोलाचे, कारण वेगळ्या वेळेच्या आणि वेगळ्या भाषेच्या लोकांबरोबर आपले जमते, हे त्यातून आपोआप सिद्ध होते.

शिफारस मागताना ‘काहीतरी चांगले लिहा’ असे म्हटले की ‘अतिशय कष्टाळू आणि मनमिळाऊ’ एवढेच हाती येते. त्याऐवजी प्रसंग आठवून द्यावा: ‘सर, मागील वर्षीच्या शटडाउनमध्ये आपण कॉम्प्रेसरचे काम चार दिवस आधी पूर्ण केले होते. त्या नियोजनात माझा जो वाटा होता त्याविषयी आपण तीन-चार ओळी लिहू शकाल का? मी परदेशात देखभाल विभागातील पदांसाठी अर्ज करतो आहे.’ लिहिणाऱ्याचे काम सोपे होते आणि मजकुराला धार येते.

काय लिहावे, किती लिहावे

रोज पोस्ट टाकलीच पाहिजे, हा सल्ला मला पटत नाही. भरती अधिकारी आपल्या प्रोफाइलवर येतो तेव्हा शेवटच्या चार-पाच गोष्टी पाहतो. त्या नीट असल्या की झाले. पंधरा दिवसांत एक पोस्ट आणि आठवड्यात दोन-तीन विचारपूर्वक लिहिलेल्या प्रतिक्रिया एवढे सहा महिने सांभाळता आले तरी ते पुष्कळ आहे. प्रेरणादायी वचने, सणांच्या शुभेच्छा आणि ‘सहमत असाल तर हात वर करा’ छापाचे मजकूर टाळावेत.

पोस्टचा विषय शोधायला दूर जावे लागत नाही. आपल्या अभियंत्याने असे लिहिले, असे समजा: एका पंपाचे बेअरिंग वर्षात तीनदा गेले आणि तिन्ही वेळा ते बदलून काम पुढे ढकलले गेले. चौथ्या वेळी त्याने पंप चालू आणि गरम असताना मोटर व पंप यांच्या शाफ्टची स्थिती मोजली. थंड असताना अगदी अचूक जुळवलेले अलाइनमेंट तापमान वाढल्यावर सरकत होते. तेवढी वाढ आधीच हिशेबात धरून पुन्हा जुळवणी केली आणि बेअरिंग टिकू लागले. कंपनीचे नाव नाही, कुणाची बदनामी नाही, दीडशे शब्दांत एक अडचण, एक चूक आणि एक उलगडा. त्या क्षेत्रातला माणूस हे वाचून लगेच ओळखतो की लिहिणाऱ्याचे हात कामाला लागलेले आहेत. अशा पोस्टखाली ‘आमच्याकडे हे आम्ही वेगळ्या पद्धतीने मोजतो’ अशी एखादी प्रतिक्रिया परदेशातील अभियंत्याकडून आली, तर तीच पुढच्या संवादाची सुरुवात ठरते.

मजकूर सुधारायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेण्यात गैर नाही, विशेषतः आपली इंग्रजी लिहिण्याची सवय कमी असेल तर. पण संपूर्ण पोस्ट तिच्याकडून लिहवून घेतली की ती इतर हजार पोस्टसारखी दिसते, आणि मुलाखतीत त्याच विषयावर बोलताना आपली गाडी अडते. आधी स्वतः मोडकेतोडके लिहावे, मग व्याकरण तपासून घ्यावे. आणि जुन्या कंपनीवरचा राग, राजकीय वाद, सहकाऱ्यांची थट्टा या गोष्टी या संकेतस्थळावर अजिबात आणू नयेत.

ओळखी: जवळच्या आणि लांबच्या

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून येण्याची शक्यता अधिक असते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील पाच वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि त्यातही मध्यम कमकुवत ओळखी नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरल्याचे दिसले. परदेशात ज्याचे कुणीच नाही, त्याच्यासाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे. काही सामाईक संबंध असलेली, पण आपल्या रोजच्या वर्तुळाबाहेरची माणसे शोधायची आहेत.

अशी माणसे सापडण्याचे उत्तम ठिकाण म्हणजे आपल्या महाविद्यालयाचे लिंक्डइनवरील पान. तेथे माजी विद्यार्थ्यांच्या विभागात देश, कंपनी आणि कामाचे क्षेत्र यांनुसार चाळणी लावता येते. आपल्याच महाविद्यालयातून निघालेले आणि आपल्या लक्ष्य देशात काम करणारे वीस जण सापडले तरी सुरुवात झाली. जुन्या कंपनीतून तेथे गेलेले सहकारी आणि आपल्या क्षेत्रातील व्यावसायिक संघटनांचे सदस्य ही त्यानंतरची वर्तुळे.

त्यांना काय लिहावे, येथे बहुतेकांची गाडी अडते. जोडणीच्या विनंतीसोबत जेमतेम दोन-तीन ओळींची चिठ्ठी जाते, आणि ‘नमस्कार, मला नोकरी हवी आहे, कृपया मदत करा’ असा संदेश आला की समोरचा माणूस मनाने कितीही चांगला असला तरी त्याला काय करावे ते कळत नाही. चिठ्ठी अशी असावी: ‘नमस्कार. मीही आपल्याच महाविद्यालयाचा, २०१६ च्या तुकडीचा. रसायन कारखान्यात पंपांच्या देखभालीचे काम करतो आणि जर्मनीत याच क्षेत्रात येण्याचा प्रयत्न करीत आहे. आपण तेथे आलात तेव्हा कोणत्या प्रमाणपत्राचा उपयोग झाला, एवढेच विचारायचे होते.’ एक प्रश्न, ज्याचे उत्तर दोन मिनिटांत देता येते. उत्तर आले की आभार मानावेत, सांगितल्याप्रमाणे केले तर ते महिन्याभराने कळवावे, आणि त्यानंतरच एखाद्या विशिष्ट जागेसाठी आपले नाव सुचवता येईल का, असे विचारावे. उत्तर आलेच नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करावी आणि मग सोडून द्यावे. संदेश पाठवताना त्यांच्याकडे किती वाजले आहेत, तेही पाहावे. सकाळी कामाच्या सुरुवातीला आलेला संदेश वाचला जातो, रात्री दोनचा खाली दबतो.

रिक्रूटरना लिहिताना याहून थेट असावे. जागेचा दुवा किंवा क्रमांक, आपण त्यात का बसतो याचे दोन मुद्दे, व्हिसाची स्थिती, नोटीस पिरियड, आणि देशाच्या क्रमांकासह फोन नंबर. एवढे पुरते.

गळ टाकून बसलेले लोक

आपण परदेशात नोकरी शोधतो आहोत हे जाहीर केले की ठकसेनांचे संदेशही येऊ लागतात. मुलाखतीशिवाय मिळणारे ऑफर लेटर, कंपनीच्या अधिकृत पत्त्याऐवजी फुकटच्या ईमेलवरून येणारा पत्रव्यवहार, लगेच दुसऱ्या मेसेजिंग अॅपवर येण्याचा आग्रह आणि ‘व्हिसा प्रक्रिया शुल्क’ म्हणून पैशांची मागणी, यांतले एक जरी दिसले तरी थांबावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार खासगी भरती संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे; सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नसला तरी तारतम्यासाठी ही कसोटी पुरेशी आहे.

लिंक्डइनवर प्रत्येक प्रोफाइलविषयीची माहिती उघडून पाहता येते: खाते कोणत्या महिन्यात उघडले, कामाचा ईमेल किंवा ओळखपत्र पडताळले आहे का. ‘पंधरा वर्षे अनुभवी’ रिक्रूटरचे खाते मागच्याच महिन्यात उघडलेले असेल तर सावध व्हावे आणि ती जागा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का, ते तपासावे. पासपोर्टची प्रत, बँकेचा तपशील, जन्मतारखेसह पूर्ण पत्ता हे लेखी करारापूर्वी कुणालाही देऊ नये, प्रोफाइलवर तर मुळीच ठेवू नये. आपल्याही खात्याची पडताळणी उपलब्ध असेल तर करून घ्यावी. समोरचाही आपल्याला याच नजरेने तपासत असतो.

नोकरी ठरल्यावर

ऑफर मिळाल्याबरोबर आनंदाची पोस्ट टाकण्याचा मोह आवरावा. करारावर सही, व्हिसाचा शिक्का आणि जुन्या कंपनीतून रीतसर मुक्तता, या तिन्ही गोष्टी होईपर्यंत प्रोफाइलवर काही बदलू नये. यांतली कोणतीही एक अडली तर जाहीर केलेली बातमी मागे घेणे फार अवघड जाते. रुजू झाल्याच्या आठवड्यात पदनाम आणि ठिकाण बदलावे, ‘ओपन टू वर्क’ बंद करावे, नाहीतर नव्या साहेबांना तीच हिरवी कडा दिसायची. आणि ज्यांनी दोन मिनिटे काढून उत्तरे दिली होती, त्या प्रत्येकाला वेगळा संदेश पाठवून नोकरी लागल्याचे कळवावे, कारण पुढच्या वर्षी त्याच महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी आपल्यालाही तशीच चिठ्ठी पाठवणार आहे.